लोणीची एकादशी, यवतची बारस

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालं की लोणी काळभोरच्या पुढे यवत लागतं. दौंड तालुक्यातलं, रस्त्याला चिकटून वसलेलं गाव. एरवी गाड्या इथून वेग कमी न करता पुढे जातात. पण वर्षातल्या एका दिवशी या गावात दुपारपासून घरोघरी भाकऱ्या थापल्या जातात, काळभैरवनाथाच्या देवळाशी मोठमोठ्या कढयांमध्ये पिठलं शिजतं, आणि देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी मुक्कामाला आली की तिच्याबरोबर आलेली माणसं पिठलं-भाकरीवर बसतात. वाटेवरची बाकी गावंही वारकऱ्यांना जेवू घालतात, कुठे कुठे गोडाधोडाचंही. तरी यवतच्या पिठलं-भाकरीचं नाव जितकं झालं आहे तितकं कुठल्याच पक्वान्नाचं झालेलं नाही.

या पिठल्याचं खरं नवल तिथीत दडलेलं आहे. देहूतून पालखीचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य सप्तमीला होतं. पुढचा मुक्काम आकुर्डीला, त्यानंतरच्या दोन रात्री पुण्यात, नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या देवळात. तिथून पालखी पूर्वेकडे निघते आणि लोणी काळभोरला पोचते, त्या दिवशी बहुतेक वर्षी ज्येष्ठ वद्य एकादशी असते. म्हणजे पुणे ते लोणी ही अठरा-वीस किलोमीटरची चाल माळकरी माणूस उपवासाच्या पोटी चालतो. दुसऱ्या दिवशी द्वादशी. सकाळी बारस सुटते, दिवसभर पुन्हा पंचवीसेक किलोमीटरची चाल होते, आणि संध्याकाळी यवत येतं. उपवासानंतरचं पहिलं पोटभर, निवांत रात्रीचं जेवण म्हणजे यवतची पिठलं-भाकरी. दोन दिवस शरीराने जे सोसलं त्यावर गावाने घातलेली ही फुंकर आहे. तिची चव वारकऱ्याच्या जिभेवर वर्षभर का राहते हे पंचांग उघडून बघितलं की लख्ख कळतं.

हे वेळापत्रक ठरवलं कोणी? वरवर पाहता कोणीच नाही. आकाशात सूर्य आणि चंद्र यांच्यातलं कोनीय अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी पूर्ण होते. अमावास्येला हे अंतर शून्य. ते १२० अंशांवरून १३२ अंशांवर जाईपर्यंत शुद्ध एकादशी, आणि ३०० वरून ३१२ वर जाईपर्यंत वद्य एकादशी. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे त्याचा वेग सारखा नसतो. म्हणून एखादी तिथी २० तासांत संपते, एखादी २७ तासांच्या जवळ जाते. कधी एकादशी दोन दिवसांना शिवते. मग स्मार्त एकादशी वेगळी आणि भागवत एकादशी वेगळी, आणि वारकरी भागवत एकादशी धरतात. या एवढ्या हिशेबावर लाखो माणसं, कुणी विदर्भातून, कुणी खानदेशातून, कुणी कर्नाटकातून, एका विवक्षित दिवशी पंढरपुरात पोचतात. शतकानुशतकं पोचत आली आहेत. ना तार, ना फोन, ना आमंत्रण.

आणखी एक गंमत आहे. यवतहून वरवंडला निघताना पहाटे पूर्वेला तोंड करून चाललं, आणि ढगांनी कृपा केली, तर समोर वद्य त्रयोदशीची बारीक चंद्रकोर दिसते. एक-दोन दिवसांत तीही जाते. दौंड तालुका ओलांडता ओलांडता अमावास्या गाठते. पुढे सोलापूर जिल्ह्यात चंद्र रोज संध्याकाळी थोडा थोडा मोठा होत भेटतो आणि पंढरपुरात एकादशीचा होऊन उभा राहतो. सबंध वारीतल्या सर्वांत काळोख्या रात्री दौंड-बारामतीच्या वाट्याला येतात.

पालखी या रस्त्याने जात असते तेव्हा तिच्या उत्तरेला काही अंतरावर भीमा वाहत असते. तिच्या एका काठावर शिरूर तालुका, दुसऱ्यावर दौंड. देहूच्या घाटावरून गेलेली इंद्रायणी तुळापूरला भीमेत मिसळलेली असते. पुढे शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठेचं पाणी येऊन मिळतं. हीच नदी उजनीच्या धरणात थांबते आणि पुढे पंढरपुरात चंद्रभागा म्हणून भेटते. आषाढीच्या आधी वारकऱ्यांच्या स्नानासाठी उजनीतून पाणी सोडतात. देहूचं पाणी आणि देहूची माणसं वेगवेगळ्या वाटांनी एकाच घाटावर येतात, हे नकाशावर बोट फिरवून पाहण्यासारखं आहे. भीमेच्या शिरूरकडच्या अंगाला केंदूर आहे, ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळातल्या कान्होराज पाठकांचं गाव. तिथूनही पालखी निघते. म्हणजे या दोन तालुक्यांना वारी दुरून बघावी लागत नाही. ती त्यांच्या अंगणातून जाते.

आता माणसांकडे येऊ. वारीला आपण सहज लाखोंची गर्दी म्हणतो, पण वारीत गर्दी नसते, दिंड्या असतात. पुढे पताकावाले, मग दोन बाजूंना टाळकऱ्यांच्या ओळी, मध्ये मृदंगी, त्यांच्याजवळ वीणेकरी, मागे डोक्यावर तुळशीवृंदावन आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या बायका. रथाच्या पुढच्या आणि मागच्या दिंड्यांचे क्रम ठरलेले. प्रत्येक दिंडीचं सामान ट्रकमधून पुढे जातं, जेवणाची भिशी ठरलेली असते, तंबू कुठे पडणार हे माहीत असतं. तुकाराम महाराजांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पादुका पालखीत ठेवून हा सोहळा सुरू केला. ते वडिलांच्या पश्चात जन्मलेले. ज्या पित्याला कधी पाहिलं नाही, त्याच्या पादुका घेऊन ते चालत निघाले. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची स्वतंत्र पालखी सुरू केली आणि तिला लष्करी शिस्त दिली. ते स्वतः शिंद्यांच्या पदरी राहिलेले होते.

त्या शिस्तीचा सर्वांत थक्क करणारा क्षण रात्री येतो. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीत मुक्कामाला पोचल्यावर समाजआरती असते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप उंच धरतो आणि सगळे टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. कुणाची जागा गेली, कुणाला पाणी मिळालं नाही, कुणाशी भांडण झालं. मग चोपदार तिथे जातो, ऐकून घेतो, तोडगा निघतो, आणि ते टाळही थांबतात. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात, मग आरती. एवढ्या माणसांना एका काठीच्या इशाऱ्यावर गप्प करणं मोठंच आहे. पण त्या शांततेत गाऱ्हाणं असलेल्याचा आवाज ऐकू यावा अशी सोय करून ठेवणं मला त्याहून मोठं वाटतं. संयम पाळायला सांगणारा कुठलाही समाज टिकायचा असेल तर त्याच्याकडे ही सोय हवी.

संयमाची मूळ खूण गळ्यात असते. तुळशीची १०८ मण्यांची माळ घातली की मद्य-मांस सुटलं, महिन्याच्या दोन्ही एकादश्या आल्या, रोजचा हरिपाठ आला, वर्षाची वारी आली, परस्त्री मातेसमान हे आलं. हा नेम घेतो एकटा माणूस. पण तो पाळला जातो चारचौघांत. घरी एकट्याने धरलेल्या एकादशीचं काय होतं ते आपल्या म्हणीनेच सांगून ठेवलं आहे: एकादशी, दुप्पट खाशी. साबुदाण्याच्या खिचडीने सुरू होऊन रताळ्याच्या किसावर संपणारा दिवस उपवासाचा राहत नाही. तीच एकादशी पुणे-लोणी रस्त्यावर दिंडीत चालताना निराळी होते. पुढचा उपाशी आहे, मागचा उपाशी आहे, सत्तरीच्या आजी उपाशी आहेत आणि तरी त्यांच्या डोक्यावरचं वृंदावन हललेलं नाही. आपली भूक अशा वेळी फार बोलत नाही.

ही नुसती भावना आहे का? ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यापीठाच्या नौकानयन संघातले १२ जण यंत्रावर ४५ मिनिटं वल्हवायचे, कधी एकेकटे, कधी सहा जण एकत्र, एका लयीत. आधी आणि नंतर रक्तदाब मोजायचा पट्टा दंडावर आवळत नेऊन वेदना कुठवर सोसते ते पाहिलं. दोन्ही वेळा कष्ट सारखेच होते. पण एकत्र वल्हवल्यावर सोसण्याच्या ताकदीत झालेली वाढ एकट्याने वल्हवल्यावरच्या वाढीच्या जवळजवळ दुप्पट दिसली. व्यायामाने मेंदूत स्रवणारी एंडॉर्फिन नावाची वेदनाशामक द्रव्यं लयीतल्या सोबतीने जास्त स्रवत असावीत, असा त्यांचा अंदाज. १२ माणसं म्हणजे काही फार नाहीत, आणि ती सगळी तरुण, कसलेली. तरीही वरवंडहून पाटस मागे टाकून रोटी घाटाला लागलेली पालखी डोळ्यांसमोर आणून पाहा. चढ असा की रथाच्या बैलांना आसपासच्या गावांतल्या जादा बैलजोड्यांची मदत लागते. माणसांना मात्र जादा काही लागत नाही. टाळाचा एक ठेका, त्यावर पडणारी पावलं, आणि घाट सरतो.

दुसरा अभ्यास आपल्याकडचाच आहे. प्रयागच्या माघमेळ्यात कल्पवासी महिनाभर गंगेच्या वाळूत राहतात, ऐन थंडीत नदीत स्नान करतात, जेमतेम खातात, रात्रंदिवस भोंग्यांचा गोंगाट ऐकतात. वैद्यकाच्या पुस्तकाप्रमाणे यातून माणूस आजारी पडायला हवा. भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी ४१६ कल्पवाशांची आणि मेळ्याला न गेलेल्या १२७ जणांची मेळ्याआधी व मेळ्यानंतर विचारपूस केली. २०१२ साली निष्कर्ष आले: परतल्यावर कल्पवाशांना आपली तब्येत सुधारलेली वाटत होती, घरी राहिलेल्यांच्या मानाने जास्त.

तिसरा अभ्यास मला सर्वांत विचारात पाडतो. रिचर्ड सोसिस आणि एरिक ब्रेस्लर या संशोधकांनी एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या ८३ सामूहिक वसाहती तपासल्या. काही धार्मिक होत्या, काही निव्वळ सामाजिक ध्येयाच्या. प्रत्येकीने आपल्या माणसांवर कोणती बंधनं घातली होती ते मोजलं: दारू, तंबाखू, विशिष्ट अन्न, दागिने, बाहेरच्यांशी संबंध. धार्मिक वसाहतींत जितकी बंधनं जास्त, तितकी ती वसाहत अधिक वर्षं टिकली. आणि निधर्मी वसाहतींत? बंधनं वाढवून काहीच फरक पडला नाही. नियम तेच, त्याग तोच, पण जिथे त्यागाला पवित्र अर्थ होता तिथेच माणसं एकमेकांना धरून राहिली. वारकऱ्याच्या गळ्यातली माळ हेच काम करते. ती बघून समोरच्याला कळतं की हा माणूस काहीतरी सोडून आला आहे, मग अनोळखी असला तरी त्याच्याशेजारी पथारी टाकायला हरकत नाही.

इथवर आलं की वाटतं, संयम आणि सोबत यांचं गणित सुटलं. पण यवतहून वरवंडकडे जाताना चौफुला लागतो, आणि तिथून थोडं आत केडगाव आहे. तिथे पंडिता रमाबाईंनी हेच गणित उलट्या बाजूने मांडलेलं आहे.

पंडिता रमाबाईंचं बालपण चालण्यात गेलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवतात म्हणून समाजाच्या रोषाला पात्र झालेले. सगळं कुटुंब तीर्थामागून तीर्थ करत, पुराणं सांगत देशभर फिरत राहिलं. जवळचं होतं ते दानधर्मात संपलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. उरलेले बहीण-भाऊ, रमाबाई आणि श्रीनिवास, चालत राहिले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. भाऊ १८८० मध्ये वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावींशी लग्न केलं, आणि १८८२ मध्ये त्या विधवा झाल्या. पदरात मनोरमा. यात्रा, उपवास, व्रत यांतलं काहीच रमाबाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. ते त्यांनी लहानपणापासून जगलेलं होतं.

१८८७ साली त्यांचं ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक आलं. त्यात विधवेचं जिणं आहे: चोवीस तासांत एकदाच जेवायचं, मंगल प्रसंगी तोंड दाखवायचं नाही, मेजवानीला बसायचं नाही. उच्चवर्णीय विधवेला एकादशी चुकत नसे. बंगालात तर पाण्याचा घोटही नाही, मग ती बारा वर्षांची का असेना. चंद्र-सूर्यांतलं अंतर तेच. तिथी तीच. उपास तोच. पण दिंडीतल्या माणसाने तो स्वतः मागून घेतलेला असतो आणि त्याच्या पुढेमागे हजार माणसं असतात. विधवेवर तो लादलेला असे आणि तो तिला एकटीने, घराच्या कोपऱ्यात काढावा लागे. ज्या धर्माने एकाला सोबत दिली, त्याच धर्माच्या नावाने दुसरीची सोबत काढून घेतली. संयमाबद्दल गोड बोलणाऱ्या प्रत्येकाने केडगावपाशी थांबून हे मान्य केलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. धर्मांतरावरून पुण्यात मोठं वादळ झालं. मग १८९६-९७ चा दुष्काळ आणि प्लेग आला, आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. दुष्काळी मुलखात जाऊन रमाबाई मुली आणि विधवा घेऊन येत. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. दौंड तालुक्यातल्या उजाड माळावर, एकमेकींच्या आधाराने राहणाऱ्या दोन हजार बायका! तिथेही शिस्त होती, घंटा होती, पहाटेची प्रार्थना होती, शेत, विणकाम आणि छापखाना होता. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं, ते मुक्तीतल्या बायकांनीच छापलं. काम पुरं होता होता, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. पुस्तक १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. जिणं कष्टाचंच होतं, पण इथे जेवणाच्या पंक्तीतून कुणाला उठवलं जात नव्हतं. संस्था आजही केडगावात आहे.

पंक्तीचा प्रश्न दिंडीतही होताच. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे पालखीबरोबर चालल्या होत्या. त्यांचा ‘वाटचाल’ हा लेख त्यातून आला. दिवसभर एकत्र चालणारी, एकत्र गाणारी माणसं जेवायला मात्र जातवार वेगळी बसतात, हे त्यांनी लपवलं नाही. त्याच माणसांवर त्यांचा जीव जडला होता, म्हणून ते त्यांना अधिक लागलं. आणि या सगळ्या चालीच्या शेवटी जे देऊळ होतं, त्याचं दार अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्या वारकऱ्यांना बंदच होतं. चोखामेळ्याची समाधी देवळाच्या पायरीशी, बाहेर. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषणाला बसले. दहा दिवसांनी ते सुटलं, देवळाचं दार सगळ्यांना उघडलं. वारकरी स्वतःच्या शुद्धीसाठी उपास करतो, विधवेला तिच्या ‘पापा’बद्दल उपास घडवला जाई, आणि हा तिसरा उपास होता, दुसऱ्याला आत घेता यावं म्हणून केलेला. तिन्हींत पोट सारखंच जळतं. तिसऱ्याच्या मोठेपणाला मात्र तोड नाही.

वारीची एक बाजू छायाचित्रांत येत नाही. आषाढ पौर्णिमेला गोपाळकाला झाला की पालखी परत फिरते. लाखो माणसं एव्हाना एसटीने आणि रेल्वेने घरी पोचलेली असतात. दौंड जंक्शनवरून त्यांच्या गाड्या गेलेल्या असतात. पादुका मात्र चालतच देहूला जातात, आणि आषाढ वद्य एकादशीला पोचतात. जाताना ज्या अंतराला अठरा-एकोणीस दिवस लागले ते दहा-अकरा दिवसांत तोडायचं असतं. मुक्काम कमी, मजल मोठी, पाऊस बहुधा जास्त, कॅमेरे नाहीत, सोबत अगदी थोडी. तरीही काकडा चुकत नाही, हरिपाठ चुकत नाही. पौर्णिमेनंतरच्या त्या आठवड्यात दौंड तालुक्यातल्या या रस्त्याला गेलात तर थांबून बघा: रथाबरोबर झपाझप चालणारे जे मोजके वारकरी दिसतील, त्यांच्या दिवसाची चाल गर्दीच्या वारीतल्या चालीपेक्षा जवळजवळ दुप्पट असते.